स्वस्त पॉकेट कॅमेऱ्याचं शूटिंग कॉम्प्युटरवर सुखरूप कसं आणायचं

खिशात मावणारा स्वस्तातला व्हिडिओ कॅमेरा घेतलेल्या लोकांकडून एकच गाऱ्हाणं वारंवार ऐकू येतं: शूटिंग झालं, पण हाती काही लागलं नाही. कुणाची फाइल उघडत नाही. कुणाच्या हळदीच्या क्लिपांवर लग्नाच्या क्लिपा चढल्या. कुणाच्या कार्डात कार्यक्रमाचा पहिला अर्धा तासच नाही. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरं तर हे कॅमेरे दिवसाउजेडी अगदी बघण्यासारखं चित्र देतात. घोटाळा होतो तो तयारीत आणि क्लिपा कॉम्प्युटरवर उतरवताना, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे.

पुढची माहिती कुठल्याही कंपनीच्या छोट्या कॅमेऱ्याला लागू पडते: मायक्रोएसडी कार्ड बसतं, यूएसबीवर चार्ज होतो, शूटिंगसाठी एकच बटण असतं. उदाहरणं नाशिकची आहेत, कारण इथल्या बागा, घाट आणि मिरवणुका यांच्या अडचणी ठरलेल्या आहेत. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. कार्ड पुसण्याची पायरी सगळ्यात शेवटी आहे, ती तिथेच राहू द्या.

टप्पा १: आधी कार्ड, मग कॅमेरा

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कार्डाची कमाल क्षमता दिलेली असते. स्वस्त कॅमेऱ्यांत ती बऱ्याचदा ३२ जीबी असते. त्यात ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड घातलं तर काही कॅमेरे सरळ नाकारतात, काही मात्र घेतात आणि मध्येच अडकतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर लक्षात येतो. मर्यादेच्या आतलंच कार्ड घ्या.

कार्डावर गोलात १० हा आकडा किंवा यू अक्षराच्या आत १ असेल तर ते सेकंदाला किमान १० एमबी लिहू शकतं. १०८०पी शूटिंगला एवढं पुरतं. एकाच मोठ्या कार्डापेक्षा ३२ जीबीची दोन कार्डं बाळगावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. एक रुसलं तरी अर्धा कार्यक्रम हातात राहतो.

एमजी रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, नकली कार्ड दोन्हीकडे मिळू शकतं. नकली कार्डावर ३२ लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरही ३२ दाखवतो, पण आत खरी जागा बऱ्याचदा त्याच्या पाव भागही नसते. ती भरली की पुढचं सगळं शूटिंग वाया जातं आणि कॅमेरा काहीच सांगत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतं. मॅक आणि लिनक्ससाठी एफ३ आहे. नवं कार्ड रिकामं असतानाच ही परीक्षा घ्या. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

परीक्षा झाली की कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट कॅमेऱ्याला पसंत पडेलच असं नाही.

> इशारा: जुनं, मोबाइलमधून काढलेलं कार्ड वापरणार असाल तर त्यातले फोटो आधी दुसरीकडे ठेवा. फॉरमॅट केल्यावर ते परत मिळण्याची खात्री नाही.

टप्पा २: मेनू एकदाच लावा, पण नीट लावा

नव्या कॅमेऱ्याचा मेनू बहुतेक लोक उघडतच नाहीत. पुढच्या सहा गोष्टी मात्र बघायलाच हव्यात.

१. तारीख आणि वेळ. ही चुकली तर सगळ्या फाइलींवर वर्षानुवर्षं जुनी तारीख पडते आणि नंतर कुठली क्लिप कुठल्या दिवशीची ते लागत नाही.

२. चित्रावरची तारीख. वेळ लावल्यानंतर कोपऱ्यात तारीख छापणारं सेटिंग बंद करा. ती चित्रातच छापली जाते, मागाहून निघत नाही. पीक विमा किंवा हद्दीच्या वादासाठी पुरावा म्हणून शूटिंग करत असाल तेव्हाच चालू ठेवा.

३. रेझोल्यूशन. स्वस्त कॅमेऱ्याच्या खोक्यावर ४के लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा आतला सेन्सर तेवढा नसतो. लहान चित्र ताणून मोठं केलेलं असतं. फाइल फुगते, तपशील वाढत नाही. १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेम ठेवा.

४. ५० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेटिंग ६० वर राहिलं तर ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मंगल कार्यालयातल्या शूटिंगमध्ये हा दोष हमखास येतो आणि एडिटिंगमध्ये सहजी जात नाही.

५. लूप रेकॉर्डिंग. हे सेटिंग मुळात गाडीतल्या कॅमेऱ्यासाठी असतं. कार्ड भरलं की सर्वांत जुनी क्लिप आपोआप पुसून त्यावर नवी लिहिली जाते. कार्यक्रमाचा पहिला अर्धा तास गायब होण्याचं हे नेहमीचं कारण. बंद करा.

६. मोशन डिटेक्शन. हेही बंद. नाहीतर समोर कुणी हललं नाही की कॅमेरा शूटिंग थांबवतो आणि भाषणाचे तुकडे पडतात.

तपासणी: कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा आणि मेनू परत बघा. काही कॅमेरे बदल जपत नाहीत. तसं असेल तर प्रत्येक शूटिंगच्या आधी एवढी नजर टाकावीच लागेल.

टप्पा ३: घरातल्या घरात एक फेरी

समारंभाच्या दिवशी कॅमेरा पहिल्यांदा हातात घेऊ नका. आदल्या आठवड्यात घरी एक मिनिट अंगणात आणि एक मिनिट दिव्याच्या उजेडात शूट करा. कुणालातरी समोर बसवून बोलतं करा. मग त्या क्लिपा कॉम्प्युटरवर नेऊन बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच सुरेख दिसतं, त्याच्यावर विसंबू नका.

एका मिनिटाच्या क्लिपचा आकारही बघून घ्या. समजा ती १२० एमबीची निघाली, तर तासाला साधारण ७ जीबी लागतील. ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९ जीबीच्या आसपासच दिसतं, म्हणजे चार तासांच्या शूटिंगची सोय झाली. एवढा वेळ बॅटरी टिकणार नाही. ती किती टिकते तेही पूर्ण चार्ज करून, सलग शूटिंग लावून एकदा मोजा. पॉवर बँक जोडून शूटिंग चालतं का, तेसुद्धा याच फेरीत कळेल. काही कॅमेरे वायर जोडली की शूटिंग थांबवतात.

टप्पा ४: प्रत्यक्ष शूटिंग

इथे लांबलचक नियमांची गरज नाही. कॅमेरा आडवा धरा, कोपर अंगाला टेकवा, उजेड पाठीमागे घ्या. झूमला हात लावू नका. या कॅमेऱ्यांतला झूम म्हणजे चित्राचा मधला भाग कापून मोठा करणं, त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं. महत्त्वाचं घडायच्या आधी पाच सेकंद आणि नंतर पाच सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. एडिटिंगला ती जागा लागते.

*जवळचं चित्र.* द्राक्षबागेतून सल्लागाराला व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. पानामागचा डाऊनी रोगाचा डाग दाखवायला कॅमेरा पानाला भिडवला जातो आणि नेमका डागच धूसर येतो. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस एकाच अंतरावर पक्का बसवलेला असतो. साधारण मीटरभर पलीकडचं स्पष्ट, अलीकडचं अस्पष्ट. काही कॅमेऱ्यांच्या बाजूला फुलाचं चिन्ह असलेली बारीक खटकी असते, ती सरकवली तर जवळचं स्पष्ट दिसतं. काम झालं की ती मागे घ्यायची, नाहीतर पुढची अख्खी बाग धूसर येईल. खटकी नसेल तर कॅमेऱ्याने वेल, काडी, घडांची ठेवण आणि ओळ दाखवा. डागाचा फोटो मोबाइलने काढून सोबत जोडा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे कसे फुटले हे दाखवायचं असेल तर दर आठवड्याला त्याच वेलीसमोर, त्याच अंतरावर उभं राहून दहा सेकंदांची क्लिप घ्या. खांबावर खूण करून ठेवली की जागा चुकत नाही.

*आवाज.* ढोल पथकाच्या अगदी पुढ्यात उभं राहून केलेल्या शूटिंगमध्ये ढोल ऐकू येत नाही, नुसती फरफर येते. माइकला तेवढा आवाज सोसत नाही, आणि असा फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. पंधरा-वीस पावलं मागे या. भाषण किंवा मुलाखत असेल तर उलट अडचण: माइक दूरचं नीट पकडत नाही. बोलणाऱ्याच्या खिशात मोबाइल ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये ती टाळी जुळवली की आवाज ओठांशी जुळतो. कार्यक्रम लांबला तर अधूनमधून आणखी टाळ्या घ्या, कारण मोबाइल आणि कॅमेऱ्याची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

*अंधार आणि ज्योती.* रामकुंडावरची संध्याकाळची आरती हा या कॅमेऱ्यांसाठी सगळ्यात अवघड विषय. ज्योत चित्राच्या मध्यभागी आली की कॅमेरा सगळं काळं करतो, बाजूला गेली की चेहरे पांढरेफटक. मेनूत ईव्ही (चित्र उजळ किंवा गडद करणारं सेटिंग) असेल तर ते शून्यावरून उणे १ वर घ्या, ज्योत चित्राच्या एका बाजूला ठेवा आणि कॅमेरा फिरवू नका. सूर्य मावळायच्या थोडं आधी, आकाशात उजेड असतानाच मुख्य चित्रं घेऊन टाका. काम संपल्यावर ईव्ही परत शून्यावर आणा. मंदिरांच्या आत शूटिंगला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. फलक बघा, विचारा.

*पाणी.* पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं हे टिपायला पुलावर गर्दी होते. कॅमेरा पुलाच्या कठड्यावर टेकवला तर प्रत्येक वाहनाबरोबर चित्र थरथरतं, त्यापेक्षा तो हातात धरलेला बरा. पुराच्या वेळी काठावर उतरू नका, चित्र दुरूनही पुरेसं चांगलं येतं. रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, जाणार असाल तर कॅमेरा पारदर्शक प्लास्टिकच्या झिप पिशवीत ठेवून भिंगासमोरचं प्लास्टिक ताणून धरा. आवाज दबेल, पण कॅमेरा वाचेल. आणि एसी गाडीतून त्र्यंबकच्या पावसाळी हवेत उतरल्यावर भिंगावर वाफ धरते. घासू नका, दहा मिनिटं थांबा.

> इशारा: शूटिंग थांबवायचं ते नेहमी शूटिंगच्या बटणाने. लाल खूण गेली, पडदा मोकळा झाला, की मगच कॅमेरा बंद करा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बऱ्याच कॅमेऱ्यांत अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच बॅटरी संपली किंवा कार्ड ओढलं तर आतलं चित्र असूनही फाइल उघडत नाही. बॅटरीची शेवटची रेघ राहिली की स्वतःहून थांबवा.

टप्पा ५: कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून घाईत असाल तर हा टप्पा दुसऱ्या दिवशी करा. कार्ड कुठे पळत नाही.

१. कार्ड रीडर वापरा. कॅमेरा वायरने जोडण्यापेक्षा कार्ड काढून रीडरमध्ये घालणं सुरक्षित. मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी उतरण्याची किंवा वायर हलण्याची भीती राहत नाही. वायरच वापरायची असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली घ्या. घरातल्या काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जात नाही. मग "कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतच नाही" म्हणून लोक कॅमेरा दुरुस्तीला नेतात. वायर जोडल्यावर कॅमेरा दोन पर्याय विचारत असेल तर मास स्टोरेज निवडा. पीसी कॅमेरा निवडलं तर तो वेबकॅम बनतो आणि फाइली दिसत नाहीत.

२. आधी नवा फोल्डर करा. नावात पहिले वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे विषय. म्हणजे २०२५-१०-१२ आणि पुढे छाटणी. असं नाव दिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. विषय इंग्रजी अक्षरांत लिहा, काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात. दोन कार्डं असतील तर आत दोन वेगळे फोल्डर.

ही पायरी वगळण्याची सवय फार महागात पडते. बरेच कॅमेरे कार्ड फॉरमॅट झाल्यावर फाइलींना पुन्हा पहिल्यापासून नंबर देतात. म्हणजे हळदीच्या दिवशीची १ नंबरची क्लिप आणि लग्नाच्या दिवशीची १ नंबरची क्लिप, दोघींचं नाव एकच. सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकलं की विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलू का? घाईत "हो" दाबलं की हळद गेली. ती कचरापेटीतही सापडत नाही.

३. कार्डावर कॅमेरा क्लिपा ठेवतो तो डीसीआयएम हा अख्खा फोल्डर कॉपी करा. निवडून निवडून नको. आणि कट करून पेस्ट तर कधीच नको. कॉपी करताना वीज गेली तर मूळ कार्डावर सगळं शाबूत असतं. कट केलेलं असेल तर काय कुठे राहिलं याचा मेळ लागत नाही.

४. मोजून बघा. कार्डावरच्या डीसीआयएम फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइलींची संख्या आणि बाइट्सचा पूर्ण आकडा बघा. कॉम्प्युटरवरच्या प्रतीचेही तेच बघा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. जीबीतला ढोबळ आकडा चालणार नाही, बाइट्सच बघायचे.

५. चालवून बघा. पहिली, मधली आणि शेवटची क्लिप व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. प्रत्येकीत मध्यावर आणि शेवटाकडे उडी मारून बघा. ही तपासणी कॉम्प्युटरवरच्या प्रतीची करायची, कार्डावरची नाही. घाईत नेमकं उलट होतं.

६. दुसरी प्रत. तोच फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. लग्न, मुंज, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी, असलं पुन्हा न घडणारं काही असेल तर ही पायरी टाळणं मला अक्षम्य वाटतं. कॉम्प्युटरची डिस्क काही सांगून बंद पडत नाही.

७. सेफली रिमूव्ह करून कार्ड काढा. पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका, पाकिटात ठेवा. अजून पुसायचं नाही.

> इशारा: कार्ड घातल्यावर कॉम्प्युटरने "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं तर नाही म्हणा. आधी दुसरा रीडर, मग दुसरा कॉम्प्युटर बघा. तरीही नाही वाचलं तर त्या कार्डावर नवं शूटिंग करू नका. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डातून क्लिपा शोधून काढतं; सापडलेल्या क्लिपा कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवायच्या, त्याच कार्डावर नव्हे.

फाइल आहे पण उघडत नाही, असं झालं तर आधी तिची एक प्रत करा आणि प्रतीवरच प्रयोग करा. एव्हीआय असेल तर व्हीएलसी स्वतःच दुरुस्त करू का विचारतो, बऱ्याचदा काम होतं. एमपी४ असेल तर अनट्रंक नावाचं मोफत साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून घेऊन तुटलेली फाइल जोडायचा प्रयत्न करतं. यासाठीच टप्पा ३ मधली घरची क्लिप जपून ठेवावी.

सलग तासाभराच्या शूटिंगच्या दोन-तीन फाइली दिसल्या तर घाबरू नका. कार्डाच्या एफएटी३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो. ते एडिटिंगमध्ये एकामागे एक लावायचे. सांध्यावर एखादा क्षण निसटलेला असू शकतो.

टप्पा ६: सोबत आलेलं सॉफ्टवेअर की दुसरं?

खोक्यात छोटी सीडी असते, किंवा कॅमेऱ्याच्या आतच सेटअपची फाइल असते. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडी घालायला जागाच नाही. सीडी चालली तरी ते सॉफ्टवेअर जुन्या विंडोजसाठी लिहिलेलं असू शकतं. माझा सल्ला सरळ आहे: क्लिपा उतरवायला त्याची गरज नाही, वर सांगितलेली कॉपी पुरे. त्यात "इम्पोर्ट करून कार्ड पुसा" असा पर्याय आधीच टिक केलेला नाही ना, एवढं मात्र वापरणाऱ्यांनी बघावं. आणि सीडी हरवली म्हणून कुठल्या तरी अनोळखी साइटवरून ते सॉफ्टवेअर उतरवू नका.

घरात जुना फ्लिप कॅमेरा पडून असेल, यूएसबीचं टोक बाहेर येणारा, तर तोही वापरता येतो. सिस्कोने २०११ मध्ये तो धंदा बंद केला. पण क्लिपा साध्या एमपी४, किंवा सुरुवातीच्या मॉडेलांत एव्हीआय, असतात आणि डीसीआयएममध्येच मिळतात. त्यातलं सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्याच मेमरीत असतं, त्यामुळे तो कॉम्प्युटरवरून फॉरमॅट करू नका, फक्त क्लिपा काढून घ्या.

एडिटिंगसाठी शॉटकट घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि तयार व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असतं, पाच मिनिटांच्या कामाला तेही चालेल. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह उत्तम आहे, पण साध्या लॅपटॉपला झेपत नाही.

टप्पा ७: एडिटिंग

१. शॉटकट उघडून नवा प्रोजेक्ट करा आणि तो क्लिपांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत घ्यायची, एवढीच नोंद असते. म्हणून एडिटिंग सुरू केल्यावर फोल्डरचं नाव बदलू नका, क्लिपा हलवू नका, आणि कार्ड रीडरमध्ये ठेवून थेट कार्डावरच्या क्लिपांवर काम करू नका. कार्ड काढलं की प्रोजेक्ट रिकामा होतो.

२. व्हिडिओ मोड ऑटोमॅटिक ठेवा आणि पहिली क्लिप कॅमेऱ्याचीच टाका, मोबाइलची नको. मोबाइलच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग बदलता असतो. शॉटकट ते ओळखून बदलून घेऊ का विचारतं, तेव्हा हो म्हणा. नाहीतर पुढे आवाज आणि ओठ वेगळे पडतात.

३. लॅपटॉप अडखळत असेल तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा. काम करताना हलकी प्रत वापरली जाते, एक्सपोर्ट (म्हणजे तयार फिल्मची फाइल काढणं) मूळ क्लिपांतूनच होतं.

४. क्लिपा टाइमलाइनवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, ओळीने लावा. एस दाबलं की क्लिप दोन तुकड्यांत कापली जाते. नको तो तुकडा निवडून एक्स दाबलं की तो जातो आणि मागचं पुढे सरकतं. पहिल्या फेरीत फक्त काढून टाका: जमीन, खिसा, हललेलं, दोनदा आलेलं. हात राखून कापू नका, मूळ क्लिपा तशाच सुरक्षित आहेत.

५. मग आवाज. वाऱ्याची घरघर असेल तर हाय पास फिल्टर १०० हर्ट्झच्या आसपास लावून बघा, बरीच कमी होते. बोलणं हळू असेल तर गेन वाढवा, पण आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. पार्श्वसंगीत लावायचंच असेल तर बोलणं चालू असताना ते अगदी तळाला ठेवा. मंगलाष्टकांवर सनईची वेगळी फीत चढवू नका, खरा आवाज मोलाचा असतो.

६. शेवटी शीर्षक. मराठीसाठी निर्मला यूआय, मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी असा फॉन्ट निवडा. चुकीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात. "त्र्यंबकेश्वर" आणि "द्राक्ष" हे दोन शब्द लिहून बघा, ते नीट आले तर बाकीचंही येईल.

तपासणी: प्रोजेक्ट सेव्ह करून शॉटकट बंद करा आणि पुन्हा उघडा. सगळ्या क्लिपा जागेवर दिसल्या पाहिजेत. हे काम सुरू केल्यावर अर्ध्या तासातच बघा, रात्रभर बसून झाल्यावर नव्हे.

टप्पा ८: एक्सपोर्ट आणि पाठवणं

शॉटकटच्या एक्सपोर्टमध्ये डिफॉल्ट पर्याय चांगला आहे, त्यातून साधी एमपी४ फाइल मिळते. १०८०पीचं शूटिंग ४केमध्ये एक्सपोर्ट करू नका, सुधारणा काहीच होत नाही. डिस्कवर भरपूर जागा मोकळी आहे ना ते आधी बघा. तयार फिल्म वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ क्लिपचं नाव तिला देऊ नका. मग ती पूर्ण, शेवटपर्यंत बसून बघा, कुणाला पाठवण्याआधी.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून जोडला तर जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंत. सल्लागाराला बाग दाखवताना हा फरक डोळ्यांत भरतो: एकात पानांच्या कडा मोजता येतात, दुसऱ्यात नुसता हिरवा लगदा. मोठी फिल्म यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून लिंक द्या. लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती बघू शकतो, हे घरच्यांना सांगून ठेवा.

टीव्हीसाठी पेनड्राइव्ह भरताना जागा असूनही "फाइल मोठी आहे" असं आलं, तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा आहे आणि फिल्म ४ जीबीच्या वर गेली आहे. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि टीव्ही तो वाचतो का ते बघा. जुना टीव्ही वाचत नसेल तर फिल्मचे दोन भाग करा.

टप्पा ९: आता कार्ड पुसा

तयार फिल्म बघून झाली, मूळ क्लिपांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, आणि त्यातली दुसरी प्रतही उघडून बघितली आहे, तरच कार्ड कॅमेऱ्यात घालून मेनूतून फॉरमॅट करा. एकेक क्लिप पुसत बसू नका, पूर्ण फॉरमॅटच करा. क्लिपा पाठवायच्या राहिल्या असतील, कुणी आणखी काही मागितलं असेल, तर थांबा आणि दुसरं कार्ड वापरा.

कॅमेरा काही महिने लागणार नसेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून, कार्ड काढून, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण उतरवून ठेवलेली बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही. पुढच्या शूटिंगच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावताना तारीख आणि वेळ परत बघा. बॅटरी पार उतरली की बरेच कॅमेरे ती विसरतात, आणि काहींत लूप रेकॉर्डिंगही पुन्हा चालू होतं.